मस्तान्यांचे देवरे डॉक्टर

देवरे डॉक्टरांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. रस्ता ओलांडताना ते भीत, गॅसची शेगडी पेटवताना भीत, लिफ्टमध्ये तर ते कधी चढलेच नाहीत. कुणाच्या स्कूटरवर मागे बसायची वेळ आलीच तर चालवणाऱ्याचा शर्ट पाठीमागून दोन्ही हातांनी इतका गच्च धरत की उतरल्यावर त्याला चुण्या पडलेल्या असत. आणि उंदरांना तर ते फारच भीत. अशा माणसाने नाशकात कित्येक वर्षं शेकडो उंदीर सांभाळले, हे मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी हसतो. मग मी त्याला ते उंदीर कसे होते ते सांगते.

दिंडोरी रस्त्याला, वस्ती संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथे, एका खाजगी ट्रस्टची छोटी संशोधन संस्था होती. पुढे बैठा बंगला, मागे कौलारू लांबलचक शेड. हत्तीरोगावरच्या औषधांचे प्रयोग तेव्हा देशात मोजक्या ठिकाणी चालत आणि त्यांना एका विशिष्ट जातीचा आफ्रिकन उंदीर लागे, कारण हत्तीरोगाच्या जंतासारखा जंत त्याच्या अंगात वाढू शकतो. आमच्याकडे प्रयोग होत नसत. आम्ही फक्त निरोगी उंदरांची पैदास करायची आणि मागणी येईल तसे ते पाठवायचे. त्या उंदराचं शास्त्रीय नाव मॅस्टोमिस. शेडमध्ये काम करणारा हिरामण पेठ तालुक्यातला होता. त्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं 'मस्तानी' करून टाकलं, आणि मग सगळेच मस्तानी म्हणू लागले. एकटे डॉक्टर तेवढे पूर्ण नाव घेत. एखाद्या मोठ्या माणसाचं घ्यावं तसं.

मस्तानी दिसायला साधी. घरातल्या उंदरापेक्षा लहान, करडी-तपकिरी, आणि अंगावरचे केस इतके मऊ की हात लावल्यावर पटकन कळतही नाही. मादीच्या पोटावर छातीपासून मांडीपर्यंत आचळांच्या दोन रांगा. एका वेळी दहा-बारा पिल्लं सहज होत. एका टाकीतल्या माद्या एकमेकींची पिल्लं पाजत, एकाच ढिगात झोपत. हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण टाकीचं झाकण उघडलं की तीच मस्तानी उभी उडी मारे आणि बोटात दात रोवून लटकून राही. डॉक्टरांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला नख नव्हतं. ते कसं गेलं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारावं असं कुणाला वाटलं नाही.

मी एम.एस्सी. होऊन नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांनी मला बंगल्यात बसवलं नाही. थेट शेडमध्ये नेलं, एका टाकीपुढे उभं केलं आणि विचारलं, "भीती वाटते का?"

नोकरी हवी होती, म्हणून मी म्हटलं, "नाही सर."

"बरं," ते म्हणाले आणि जाळीवर नुसतं एक बोट टेकवलं. आतून काहीतरी धाडकन जाळीवर आदळलं. मी दोन पावलं मागे गेले आणि बादलीत पाय घातला. डॉक्टर माझ्याही मागे होते. त्यांनी भिंतीला पाठ लावली होती.

"हं," ते म्हणाले, "सोमवारपासून या. जे भीत नाहीत त्यांना मी ठेवत नाही. ते कडी लावायला विसरतात."

त्यांची सगळी व्यवस्था या भीतीतूनच आलेली होती. सुरुवातीला लाकडी खोकी होती, ती उंदरांनी कुरतडली. मग प्लास्टिकचे ट्रे आले, त्यांच्या कडा कुरतडल्या. शेवटी डॉक्टरांनी भद्रकालीतल्या एका पत्रेवाल्याला गाठून कमरेएवढ्या उंच पत्र्याच्या टाक्या करून घेतल्या. आत नखं किंवा दात रोवायला जागा नाही, वर लोखंडी जाळी, तिला दोन बाजूंनी कड्या. शेडच्या दाराबाहेर आणखी एक दार, आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. टाकीत लाकडाचा भुसा, हिरामणने गावाहून आणलेला भाताचा पेंढा आणि एक उपडं मडकं, त्याला हातोडीने पाडलेलं भोक. मस्तान्या त्या मडक्यात पेंढा ओढून नेत आणि तिथेच वीत. "डोक्यावर काहीतरी पाहिजे," डॉक्टर म्हणत. "आपल्याला घर लागतं ते कशाला? वरून कोणी झडप घालू नये म्हणूनच ना?"

शेडमध्ये शिरण्याआधी ते बाहेर उभे राहून खोकत. मग "येतो आहे" असं हळू म्हणत, आणि मग दार उघडत. नव्या माणसाला हसू येई. मलाही आलं होतं. पण पहिल्याच महिन्यात माझ्यादेखत एका रंगाऱ्याच्या हातून पत्र्याचा डबा पडला. दुपारी मी मडकं उचललं तेव्हा सकाळी मोजलेल्या पिल्लांपैकी एकही तिथे नव्हतं. आई कोपऱ्यात तोंड पुसत बसली होती. मी धावत बाहेर आले. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "तिला वाटलं आता कोणी तरी येणार आणि खाणार. त्यापेक्षा मीच..." त्या दिवसापासून मीही खोकायला लागले.

डॉक्टर मूळचे सटाण्याकडचे. नाशकात राहून त्यांची भाषा स्वच्छ, पुस्तकी झाली होती. पण फार घाबरले की ती गळून पडे आणि खालून अहिराणी वर येई. त्यामुळे त्यांच्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' ऐकू आलं की शेडमधले सगळे हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत.

एकदा मुंबईहून एक ट्रस्टी आले. दोन टाक्या अर्ध्या रिकाम्या दिसल्या, तेव्हा त्या एकत्र का करत नाही असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून एकत्र वाढलेलेच एकत्र राहतात, परका आत घातला तर ते ऐकत नाहीत. ट्रस्टी हसून म्हणाले, होतील हळूहळू ओळखी. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं आणि शेवटी हुकूम पाळला. दुसऱ्या टाकीतल्या दोन म्हाताऱ्या माद्या पहिलीत सोडल्या. त्या दिवशी ते घरी गेले नाहीत, जाळीजवळ स्टूल टाकून बसले. पण अशा गोष्टी डोळ्यांसमोर होत नाहीत. पहाटे त्यांना जरा डुलकी लागली. सकाळी मी आले तेव्हा ते भुशातून चिमट्याने काहीतरी वेचून वर्तमानपत्रावर ठेवत होते. एक शेपूट मला ओळखू आलं. बाकी काय होतं ते मी पाहिलं नाही. टाकीतल्या बाकीच्या मस्तान्या एकमेकींवर डोकं ठेवून शांत झोपल्या होत्या. ती झोप बघून मला जास्त भीती वाटली.

पण डॉक्टरांची खरी भीती वेगळीच होती. चावणं, रक्त, पिल्लं खाणं या सगळ्याची त्यांना सवय झाली होती. एखादी मस्तानी बाहेर पडली तर, या एका विचाराने मात्र ते झोपेतून उठत. त्यांच्या पत्नी कुसुमताई शाळेत शिकवत. त्यांनीच मला सांगितलं होतं, "हे झोपेत उठतात आणि आमच्याच घराच्या दाराच्या फटीत फडकं कोंबतात."

आणि एक दिवस ती बाहेर पडली. टाकी साफ करताना हिरामणच्या कोपरावरून एक गाभण मादी उडाली आणि कपाटामागे गेली. डॉक्टर धावत आले. "कोठे शे? कोठे शे ती?" मी त्यांच्या तोंडून अहिराणी ऐकली ती पहिल्यांदा. त्यांनी आतलं दार लावून घेतलं, आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि स्वतः आत राहिले. भर दुपारी त्यांनी खिडक्यांना काळं कापड लावलं, कारण अंधार असल्याशिवाय ती बाहेर येणार नव्हती. आणि मग जिच्या दातांची त्यांना सर्वांत जास्त भीती, तिची वाट बघत ते काळोखात एकटे जमिनीवर बसले. बाहेर, जाळीच्या झरोक्याजवळ, मी आणि हिरामण.

"बाहेर गेली तर काय होईल हो सर?" मी झरोक्यातून विचारलं.

"इथे तिला कोण ओळखतं?" आतून आवाज आला. "ना मांजर ओळखतं, ना साप. पाऊस झाल्यावर दाणा मुबलक. महिन्याला दहा-बारा. तुम्हीच हिशेब करा, मंगलाताई. मी रोज करतो."

बाहेर दूरवर द्राक्षाच्या वेलींचे मांडव दिसत होते. मी हिशेब केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सापडली. कपाटाच्या खालच्या खणातला कापूस फाडून तिने घरटं केलं होतं आणि त्यात ती व्याली होती. डॉक्टरांनी खण तसाच्या तसा उचलून टाकीत उतरवला, जाळी लावली आणि ते बाहेर आले. त्यांची दाढी वाढली होती, डोळे लाल झाले होते. हिरामणने त्यांना चहा दिला. कप बशीवर इतका वाजत होता की हिरामणने बशी काढून घेतली.

त्यानंतरच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली.

आज ते दिवस सांगितले तर खोटे वाटतील. सुरत आम्हाला लांब नव्हती. पेठेवरून गाड्या येत, आणि पेठ-सुरगाण्याकडची निम्मी माणसं मजुरीला तिकडेच असत. नाशकात तोंडाला रुमाल बांधलेली माणसं दिसू लागली. औषधांच्या दुकानांतून प्लेगवरच्या म्हणून सांगितलेल्या कॅप्सूल संपल्या. म्हातारी माणसं जुन्या प्लेगच्या ऐकलेल्या गोष्टी सांगू लागली. घरात उंदीर मरून पडायचा, मग घर सोडून लोक माळावर झोपड्या बांधून राहायचे. 'उंदीर पडला' हे दोन शब्द मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकले की रात्री छपरावर काही वाजलं तरी मी उठून बसे.

हिरामण एका सकाळी आला तो फाटकाबाहेरच थांबला. चेहरा उतरलेला.

"सायेब, माझा भाऊ सुरतेवरून आलाय. ताप हाय त्याला. मी आत येऊ का नाय?"

डॉक्टर पायरीवर उभे होते. हिरामण मान खाली घालून उभा राहिला.

"आत येऊ नको," डॉक्टर म्हणाले. "पगार चालू राहील. भावाला आधी दवाखान्यात ने. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नको." मग ते आत गेले आणि कॅप्सूलचं एक पाकीट घेऊन आले. ते त्यांनी दोन दुकानं फिरून कुसुमताईंसाठी आणि मुलासाठी मिळवलं होतं, हे मला माहीत होतं. फाटकापासून चार हात लांब थांबून त्यांनी ते हिरामणकडे फेकलं. "डॉक्टरला दाखव आणि विचारून दे." हिरामणने ते उचललं आणि पुन्हा लांब जाऊन उभा राहिला. दोघंही एकमेकांना भीत होते आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटत होतं.

त्याच दुपारी लोक आले. पुढे नाना. शेजारची द्राक्षबाग त्यांची. एरवी गोड बोलणारा, मिशीत हसणारा माणूस. त्यांच्या मागे वस्तीवरची वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता.

"डॉक्टर, आत उंदीर हाये ना?" नानांनी विचारलं.

"आहेत."

"लय हायेत म्हणे. परदेशातले."

"आहेत. पण ते पिढ्यान्‌पिढ्या इथेच जन्मलेत, नाना. बाहेरचं वारंसुद्धा लागलेलं नाही त्यांना. पिसू नाही अंगावर."

"ते आम्हाला काय कळतंय? आमची लेकरंबाळं हायेत. मारून टाका नायतर आम्ही पेटवतो."

मी व्हरांड्यात होते. डॉक्टरांनी रॉकेलच्या डब्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. आगीला ते किती भीत ते मला माहीत होतं. ते वळले, चालत शेडकडे गेले, दोन्ही दारं आतून लावून घेतली आणि जाळीच्या झरोक्याशी येऊन उभे राहिले.

"डॉक्टर, बाहेर या," नाना म्हणाले.

"नाही येत. नाना, नीट ऐका. तुम्ही पेटवलं तर कौलं फुटतील, टाक्या तापून वाकतील. निम्मे उंदीर मरतील. निम्मे बाहेर पडतील, आणि समोर तुमचीच बाग आहे." त्यांचा आवाज चिरकत होता. "आत आहेत तोवर ते कुठे आहेत हे मला माहीत आहे. एकदा बाहेर पडले की कुणालाच माहीत नसेल."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हे भीती घालताहेत."

"हो, घालतोय," आतून आवाज आला. "माले बी भ्याव लागस. तुम्हाला वाटते त्याहून जास्त. म्हणूनच इथे राहतोय. नाना, तुमची माणसं बसवा बाहेर पहाऱ्याला. शेडमधून एकही उंदीर बाहेर आलेला दिसला तर मी स्वतः सगळे मारतो. तोवर मीही बाहेर येत नाही."

शेवटी नानांनी रॉकेलच्या डबेवाल्याला परत पाठवलं आणि दोन माणसं झाडाखाली बसवली.

डॉक्टर खरंच बाहेर आले नाहीत. शेडला लागून भुशाची खोली होती, तिथे ते पोत्यांवर झोपत. हिरामण नसल्याने सगळ्या टाक्यांचं काम त्यांच्यावर आणि माझ्यावर पडलं. कुसुमताई डबा आणून फाटकावर ठेवत. डॉक्टर त्यांना जवळ येऊ देत नसत. झरोक्यातूनच ओरडत, "घरी जा, दार लावून घे." आणि त्याही फाटकाशी उभ्या राहून रोज एकच विचारत, "जेवलात का काल?"

पहाऱ्याचे काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी नानांचा धाकटा भाऊ पळत आला. धापा टाकत तो पायरीवरच बसला. "डॉक्टर," तो म्हणाला, "आमच्या पॅकिंगच्या शेडात उंदीर पडला."

झाडाखालची दोन्ही माणसं उठून उभी राहिली. डॉक्टर दार उघडून बाहेर आले. कोणी त्यांना अडवलं नाही.

"मंगलाताई, तुम्ही येऊ नका," ते मला म्हणाले. मी गेले, पण लांब राहिले. त्यांनी गमबूट घातले, पॅन्ट बुटांत कोंबून वर सुतळी बांधली, रबरी हातमोजे चढवले, तोंडाला पंचाची दुहेरी घडी बांधली. रॉकेलची बाटली, चिमटा आणि कातरी घेतली. नानांच्या शेडपुढे सगळी वस्ती जमली होती, पण दारापासून बरीच मागे. दाराच्या आत, द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांजवळ, तो उंदीर उताणा पडला होता.

डॉक्टर उंबऱ्याशी थांबले. ते इतका वेळ थांबले की मला वाटलं आता ते परत फिरणार. मग त्यांचे ओठ हलताना दिसले. "माले भ्याव लागस," ते स्वतःशी म्हणत होते. "माले भ्याव लागस." असं म्हणत म्हणतच ते आत गेले.

"मागे सरा सगळे," ते ओरडले. "मेलेल्याचं अंग गार झालं की पिसवा त्याला सोडतात आणि आपल्या अंगावर येतात." लोक आणखी मागे गेले. त्यांनी उंदरावर आणि भोवती रॉकेल ओतलं, चिमट्याने त्याला उचलून उजेडात गोणपाटावर ठेवलं.

"शेपूट बघा, नाना. धडापेक्षा लांब आहे. आमच्यांचं आखूड असतं. आणि हे पोट बघा, आचळं किती थोडी. आमच्या मादीला दोन लांब रांगा असतात. हा आमचा नाही."

मी सुटकेचा श्वास घेतला. पण नानांचा चेहरा उलट काळाठिक्कर पडला.

"मंग हा आमचाच," ते म्हणाले. "आमच्या घरचा उंदीर पडला."

बायकांतून रडण्याचा बारीक आवाज आला. तेव्हा माझ्याही लक्षात आलं. मस्तानी असती तर एक उंदीर पळाला एवढंच झालं असतं. घरचा उंदीर पडणं म्हणजे दुसरंच काही.

डॉक्टरांनाही ते कळलं असणार. ते गोणपाटापुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कातरी हातात घेतली. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. त्यांनी उंदराचं पोट उघडलं, मग जठर. पंच्याच्या घडीतूनही वास आला आणि त्यांनी एकदम मान वळवली.

"लसणीसारखा वास येतोय," ते म्हणाले. "आणि आत कणीक आहे. काळी पडलेली. नाना, उंदराचं काळं औषध कोणी टाकलं?"

नानांनी भावाकडे पाहिलं, भावाने नकारार्थी मान हलवली. मग खांबाआडून नानांची सून पुढे आली. पदर तोंडाला लावलेला.

"म्या टाकलं," ती म्हणाली. "कणकेच्या गोळ्या करून. बाळ रांगतंय ना... घरात उंदीर नको म्हणून. कोनाला सांगितलं नाय. तुम्ही ओरडाल म्हणून."

डॉक्टर चटकन उभे राहिले. "बाळ कुठे आहे?"

"घरात. आत्याबाईंपाशी."

"आधी त्याला उचलून धरायला सांगा. खाली ठेवू नका. आणि गोळ्या कुठे कुठे टाकल्या ते दाखवा. सगळ्या. आत्ताच्या आत्ता."

त्या बाईला कुठे कुठे टाकल्या ते सगळं आठवत नव्हतं. मघाशी मागे सरलेले सगळे लोक आता खोकी उलटी करत, कोनाडे चाचपत फिरू लागले. धान्याच्या कोठीमागे गोळ्या मिळाल्या, चुलीशेजारी मिळाल्या. शेवटची एक नानांच्या हाताला लागली. ती बाळाच्या पाळण्याखाली होती, पेढ्याएवढी, आणि तिची एक कड तुटलेली होती. सून मटकन खाली बसली. बाळाला उलटंपालटं करून पाहिलं, तोंडात बोट घालून पाहिलं. ते रडायला लागलं, चांगलं मोठ्याने. तरी त्याला गाडीत घालून शहरात नेलं आणि दिवसभर दवाखान्यात ठेवलं. त्याला काही झालेलं नव्हतं. ती कड उंदरानेच खाल्ली होती.

डॉक्टरांनी उंदीर गोणपाटासकट जाळला, हातमोजे जाळले, हात पुन्हा पुन्हा धुतले. मग आमच्या पायरीशी येऊन ते वाकले आणि त्यांना उलटी झाली. मी पाणी दिलं. चूळ भरून ते म्हणाले, "पहारा उठवू नका म्हणावं. एका उंदराचं कळलं. बाकीच्यांचं नाही कळलं." पहारा आणखी काही दिवस राहिला, आणि तो त्यांच्याच हट्टामुळे. दुसरा उंदीर पडला नाही. हिरामणचा भाऊ हिवतापाने आजारी होता, तो बरा झाला. ज्या दिवशी हिरामण परत आला त्या दिवशी डॉक्टर घरी गेले आणि दोन दिवस झोपले, असं कुसुमताई म्हणाल्या.

नाना पुढे दर हंगामात द्राक्षाची पेटी पाठवत. डॉक्टर ती कधी खात नसत. फवारणीची भीती. पेटी हिरामण घेऊन जाई, आणि डॉक्टर नानांना भेटून सांगत, "गोड होती."

त्यानंतर आमची संस्था दहाएक वर्षं चालली. हळूहळू मागणी कमी झाली, ट्रस्टचंही लक्ष दुसरीकडे गेलं आणि एका हिवाळ्यात शेड बंद करायचं ठरलं. उत्तरेकडची एक प्रयोगशाळा मस्तान्यांची निवडक कुटुंबं घ्यायला तयार होती. डॉक्टर तेव्हा निवृत्त होऊन सटाण्याला जायच्या बेतात होते. ट्रस्टने पार्सलने पाठवायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मी जातो.

नाशिकरोडच्या फलाटावर आम्ही दुपारीच पोचलो. मी, हिरामण, कुसुमताई आणि जाळीची झाकणं घातलेले पत्र्याचे पेटारे. आत काय आहे ते कळल्यावर हमाल लांब गेले. हिरामण आणि डॉक्टरांनीच पेटारे उचलून सामानाच्या डब्यात चढवले. डॉक्टर साठीला आलेले, प्रत्येक पेटाऱ्यानंतर थांबून दम घेत. त्यांच्याकडे पुढच्या डब्यातल्या बर्थचं तिकीट होतं. पण त्यांनी गार्डशी काहीतरी बोलून तिथेच बसायची परवानगी मिळवली. गार्डने लांबूनच विचारलं, "काटते हैं क्या?"

"हां," डॉक्टर म्हणाले. "रात को ठंड पड़ेगी, इसलिए बैठता हूं."

गाडी सुटायला वेळ होता. कुसुमताई फलाटावरच्या नळावर बाटली भरायला गेल्या. डॉक्टरांनी अंगातला स्वेटर काढून टोकाच्या पेटाऱ्यावर पसरला, वाऱ्याच्या बाजूने. मग दोन पेटाऱ्यांच्या मधे, भिंतीला टेकून ते बसले. उन्हं उतरली होती, आणि ही मस्तान्यांची जागं व्हायची वेळ. जाळ्यांमागे कुरतडणं, धावणं, उड्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांच्या कानापासून वीतभर अंतरावर एक मादी जाळीला चिकटून उभी होती आणि नाक हलवत होती.

त्यांना सांगावं म्हणून मी दाराजवळ गेले. ते झोपले होते. तोंड किंचित उघडं, श्वास संथ चाललेला, चष्मा नाकावर घसरलेला, हात मोकळे, मांडीवर. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कुसुमताई बाटली घेऊन आल्या. त्या हाक मारणार होत्या, पण मारली नाही. वाकून त्यांनी बाटली आत, त्यांच्या पायाशी ठेवली.

गाडी हलली तेव्हाही ते जागे झाले नाहीत. आम्ही तिघं फलाटावर उभे होतो, आणि तो डबा आमच्यासमोरून अगदी हळू गेला.